पुरावा कोणी आणायचा?

गेली काही वर्षं मी आयर्लंडच्या संसदेतल्या वित्त समितीचं कामकाज नियमानं वाचते. तिथे बोललेला शब्दन्‌शब्द नोंदवला जातो आणि कोणालाही वाचायला खुला असतो, त्यामुळे देवगडजवळच्या जामसंड्याच्या घरात बसून ते वाचणं अवघड नाही. का वाचते याचं उत्तरही सरळ आहे. बुडालेल्या पतसंस्थेच्या ठेवीदारांची कागदपत्रं जुळवताना जो प्रश्न मला छळतो, त्याच प्रश्नाभोवती तिथल्या एका खासदाराचं बरंचसं काम फिरत आलं आहे. पैसे माणसाचे, चूक संस्थेची, कागद संस्थेच्या कपाटात. मग पुरावा माणसानं का आणायचा?

त्या खासदाराचं नाव पिअर्स डोहर्टी. तो शिन फेन पक्षाचा, विरोधी बाकांवरचा, डॉनेगॉल परगण्यातून निवडून येणारा. डॉनेगॉल म्हणजे आयर्लंडचा वायव्य किनारा.

हे नाव माझ्यापर्यंत भाचीमुळे आलं. ती डॉनेगॉलमधल्याच लेटरकेनीच्या रुग्णालयात परिचारिका आहे. भाड्यानं घर शोधायला लागली तेव्हा वॉर्डातल्या बायका तिला एकच सांगायच्या, आधी बाहेरच्या भिंतींचे तडे बघ. मला फोनवर म्हणाली, "मावशी, इथं घरांचे ब्लॉक हातानं चुरगळतात गं." मला आधी खरं वाटेना. जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला भिंत आतून विरते ही कल्पनाच करवत नाही. पण खरंच तसं आहे. डॉनेगॉल आणि मेयो परगण्यांत हजारो घरं ज्या काँक्रीटच्या ब्लॉकांनी बांधली, त्यांत अभ्रक आणि लोहाची काही घातक खनिजं प्रमाणाबाहेर होती. पावसापाण्यानं आणि गारठ्यानं ब्लॉक आतून फुटत जातात. काही घरं पाडून नव्यानं बांधावी लागतात.

सरकारनं २०२० मध्ये योजना आणली. नव्वद टक्के खर्च शासनाचा, दहा टक्के घरमालकाचा. वर, घर सदोष आहे हे सिद्ध करण्यासाठी अभियंता नेमायचा, भिंतीचे नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि त्याचे काही हजार युरो घरमालकानं आधी खिशातून घालायचे. ज्याचं कर्ज अजून फिटायचं आहे आणि भिंत कोसळते आहे, त्यानं. देशाच्या पूर्व भागात पायराइट नावाच्या खनिजामुळे खराब झालेल्या घरांसाठी २०१३ मध्येच पूर्ण दुरुस्तीची योजना झाली होती, मग आम्हालाच दहा टक्के का, हा डॉनेगॉलच्या लोकांचा सवाल. जून २०२१ मध्ये हजारो माणसं डब्लिनला जाऊन रस्त्यावर उतरली. डोहर्टी आणि त्या भागातले इतर खासदार सभागृहात शंभर टक्के भरपाई मागत राहिले. २०२२ मध्ये नवा कायदा झाला. खर्च पूर्ण द्यायचं ठरलं, पण ४ लाख २० हजार युरोंच्या मर्यादेत. ती मर्यादा २०२४ मध्ये ४ लाख ६२ हजार केली. घर मोठं असेल तर वरचा खर्च अजूनही मालकावरच येतो.

हे वाचताना मला आमचं तौक्ते आठवलं. १६ मे २०२१ ला ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. कौलं उडाली, हापूसची जुनी कलमं मुळासकट उपटली गेली, देवगड बंदरात होड्या फुटल्या. मिळालेली भरपाई तुटपुंजी होती, त्यावर मी स्वतः तहसील कार्यालयात भांडले आहे. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. तलाठी दारात आला. पडलेलं कलम त्यानं डोळ्यांनी पाहिलं, पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या. नुकसान झालं हे पाहण्याचं काम सरकारनं आपल्याकडे घेतलं. डॉनेगॉलच्या माणसाला पंचनामासुद्धा विकत घ्यावा लागत होता.

डोहर्टीचा प्रदेश मला ओळखीचा वाटतो. किलिबेग्ज हे आयर्लंडचं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर तिथलंच. शेती थोडी, दगड फार, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडात, ग्लासगोला जाणारी माणसं. डोहर्टीचा स्वतःचा जन्म १९७७ मध्ये ग्लासगोचा. कुटुंब परत आलं आणि तो डॉनेगॉलमधल्या ग्वीडोरला वाढला. आमच्याकडे प्रत्येक घरातला एक तरी मुलगा गिरणीत होता, आता कुठल्यातरी मॉलच्या तळघरात सुरक्षारक्षक आहे. गावातल्या पतसंस्थेतल्या ठेवी कोणाच्या होत्या हे कळायला एवढं पुरे.

तो लोकसभेत, म्हणजे त्यांच्या डॉइलमध्ये, आला तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जून २००९ मध्ये त्याच्या मतदारसंघातली जागा रिकामी झाली आणि सरकार पोटनिवडणूक घेईना. वर्ष उलटून गेलं. तेव्हा वरिष्ठ सभागृहाचा सदस्य असलेला डोहर्टी उच्च न्यायालयात गेला. इतका उशीर अवाजवी आहे असा निकाल नोव्हेंबर २०१० मध्ये आला, त्याच महिन्यात निवडणूक झाली आणि तो निवडून आला. तो महिना आयर्लंड विसरणार नाही. त्याच आठवड्यात सरकारनं युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदतीचा अर्ज केला होता.

त्या अर्जामागे बँका होत्या. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री आयरिश सरकारनं सहा बँकांच्या देण्यांना हमी दिली. रक्कम सुमारे ४४,००० कोटी युरो. बँका सावरायला शेवटी सुमारे ६,४०० कोटी युरो सरकारला घालावे लागले. आकडा डोक्यात बसावा म्हणून सांगते: २०११ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या ४६ लाखांच्या आत होती. आपले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे मिळून त्याच वर्षी ५१ लाखांच्या आसपास होते. आपल्या तीन जिल्ह्यांपेक्षा कमी माणसांनी एवढा भार उचलला.

इथे एक गोष्ट लपवता कामा नये. त्या हमीच्या कायद्याला डोहर्टीच्या पक्षानंही डॉइलमध्ये मत दिलं होतं. विरोध मजूर पक्षानं केला. पुढची सगळी वर्षं त्या रात्रीवर तुटून पडणाऱ्या पक्षाला हे मत चिकटलेलं आहे, आणि चिकटलेलं राहावं. मी डोहर्टीच्या कामाची चाहती आहे, पक्षाची नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. ही नीट समजून घ्या, कारण तुमच्यापैकी अनेकांचं गृहकर्ज आहे. आयर्लंडमध्ये ट्रॅकर नावाचं कर्ज असे. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर अधिक एक ठरलेली टक्केवारी, एवढाच व्याजदर. वरचा दर उतरला की आपला हप्ता आपोआप उतरणार. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या दराशी जोडतात, साधारण त्यातलाच प्रकार. जुलै २००८ मध्ये युरोपचा दर ४.२५ टक्के होता. मे २००९ मध्ये तो १ टक्क्यावर आला. कर्जदारांचं भलं झालं आणि बँकांना ही कर्जं तोट्यात जायला लागली, कारण त्यांना स्वतःला बाजारातून पैसा महाग मिळत होता.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, बरीचशी कर्ज विभागात. या टप्प्यावर बँकेच्या मुख्यालयात काय बोललं गेलं असेल याचा मला अंदाज येतो. ज्या ग्राहकांनी मधली दोन-तीन वर्षं स्थिर दर घेतला होता, त्यांची मुदत संपल्यावर त्यांना ट्रॅकरवर परत यायचा हक्क होता. तो त्यांना दिला नाही, किंवा सांगितलाच नाही. काहींना दिला पण वरची टक्केवारी वाढवून. माणसं विचारायला गेली की उत्तर एकच: तुमच्या करारात तसं नाही. करार कसा वाचायचा हे सांगणारी बँकच, जुनी पत्रं आणि नियमपत्रकं तिच्याच दप्तरात. हप्ता दर महिन्याला शेकडो युरोंनी जास्त, तोही मंदीच्या वर्षांत. संसार मोडले, आजारपणं आली, काहींची राहती घरं गेली.

डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं सगळ्या बँकांची तपासणी सुरू केली. ती रखडत चालली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये काही कर्जदार वित्त समितीसमोर येऊन बसले आणि स्वतःच्या तोंडानं बोलले. त्या साक्षीनंतर हवा पालटली. अर्थमंत्री पास्कल डोनहू यांनी बँकप्रमुखांना बोलावून घेतलं. आमचा काही दोष नाही म्हणणाऱ्या बँकांच्या याद्या एकेका महिन्यानं लांबत गेल्या. शेवटी बाधित ग्राहकांचा आकडा ४०,००० च्या वर गेला आणि परतावा-भरपाई मिळून ७३ कोटी युरोंहून जास्त रक्कम बँकांना द्यावी लागली.

या सगळ्यात एकटा डोहर्टी होता असं नाही. आर्थिक सल्लागार होते, पत्रकार होते, समितीत इतर पक्षांचे सदस्य होते, आणि मुख्य म्हणजे ते कर्जदार होते. पण त्याचे प्रश्न मी बँकवालीच्या डोळ्यांनी वाचते तेव्हा जाणवतं की हा माणूस समितीत येण्याआधी खातं वाचून येतो. तो आकडा मागतो. उत्तर गोल आलं तर तोच प्रश्न पुन्हा विचारतो. विषय बदलला तर परत तिथेच आणतो. आवाज चढवतो हेही खरं, पण चढवलेल्या आवाजामागे कर्जाच्या मंजुरीपत्रातलं कलम असतं. तपशील असला की अधिकाऱ्याला पळायला जागा उरत नाही, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून अनुभवलेलं आहे. लेखापरीक्षक रागावला तर शाखा घाबरत नाही, त्यानं व्हाउचर मागितलं की घाबरते.

एआयबी, म्हणजे अलाइड आयरिश बँक्स, या बँकेचं एक प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे सुमारे ५,९०० ग्राहक असे होते की त्यांना ट्रॅकरचा पर्याय द्यायचं करारात होतं. बँकेचं म्हणणं, दिला असता तरी तेव्हाचा चालू दर इतका जास्त ठरवला असता की तुमचं काही नुकसानच झालेलं नाही. म्हणून प्रत्येकी १,६१५ युरो हातावर ठेवले: हजार भरपाईचे आणि ६१५ सल्ल्याच्या खर्चाचे. एक ग्राहक आर्थिक लोकपालाकडे गेला आणि जिंकला. २०२० मध्ये बँकेनं तो निकाल सगळ्या गटाला लागू केला आणि कर्जाच्या शिलकेतले बारा टक्के सोडले. एकानं लढायचं आणि उरलेल्या हजारोंना अर्ज न करता मिळायचं! आपल्याकडे निकाल ज्याचा त्याला. शेजारच्या घरात तोच कागद, तीच तारीख, तीच सही असली तरी शेजाऱ्यानं परत पहिल्या पायरीपासून चढायचं.

नंतर दंड झाले. बँक ऑफ आयर्लंडला २०२२ मध्ये १० कोटी युरोंहून जास्त, एआयबीला ८ कोटी ३३ लाख. दंडाची रक्कम सरकारजमा होते, आणि एआयबीचा मोठा हिस्सा तेव्हा सरकारच्याच मालकीचा होता. यातून बँकेतल्या कोणा माणसाला काय लागलं? डोहर्टीसारखे लोक वैयक्तिक जबाबदारीचा कायदा मागत होते तो यासाठी. २०२३ मध्ये तो झाला. आता कुठल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे कुठली जबाबदारी आहे हे आधी लिहून ठेवावं लागतं, म्हणजे नंतर 'निर्णय सामूहिक होता' म्हणून सुटता येत नाही. आपल्या सहकार कायद्यात कलम ८८ आहे, संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करणारं. कलम जुनं आहे, चांगलं आहे. ती चौकशी पुरी झालेली पाहायला मात्र ठेवीदारानं दीर्घायुषी असावं लागतं.

डोहर्टीचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम बँकेबद्दलचं नाही, विम्याबद्दलचं आहे. विरोधी बाकावरून मांडलेलं खासगी विधेयक सहसा कागदावरच राहतं. त्याचं ग्राहक विमा करार विधेयक २०१९ मध्ये कायदा झालं. त्यापूर्वी विमा घेणाऱ्यानं कंपनीला महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक गोष्ट आपणहून सांगायची असे. कंपनीला काय महत्त्वाचं वाटतं हे त्याला कसं कळणार? दावा आला की कंपनी म्हणणार, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. नव्या कायद्यानं ते उलटवलं. कंपनीनं नेमके प्रश्न विचारायचे, ग्राहकानं त्यांची खरी उत्तरं द्यायची, एवढंच त्याचं कर्तव्य. माझ्या नात्यातल्या एका बाईंचा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा दावा एका कंपनीनं फेटाळला, कारण वीस वर्षांपूर्वी त्या कधीतरी सांधेदुखीसाठी कणकवलीला डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि अर्जात ते लिहिलं नव्हतं. अर्ज एजंटानं भरला होता. सांधेदुखीचा रकाना त्यात नव्हताच.

सगळंच त्याच्या मनासारखं झालं असं नाही. ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याचं कर्ज, अडचणीतली कर्जं स्वस्तात विकत घेणाऱ्या गिधाड-फंडांना विकू नये असं विधेयक त्यानं २०१९ मध्ये आणलं, ते कायद्यापर्यंत पोचलं नाही. बँकिंग संकटाच्या संसदीय चौकशी समितीत तो होता. त्या समितीला कोणा व्यक्तीवर ठपका ठेवायचा अधिकारच नव्हता. तो देणारी घटनादुरुस्ती लोकांनी २०११ च्या सार्वमतात नाकारली होती. जानेवारी २०१६ मध्ये अहवाल आला तेव्हा अकरापैकी नऊ सदस्यांनी मान्यता दिली; डोहर्टी आणि समाजवादी जो हिगिन्स यांनी सही केली नाही. मला वाटतं सही करून आपलं वेगळं मत ठणकावून जोडायला हवं होतं. समितीच्या बाहेर उभं राहिलेल्या सदस्याचं म्हणणं पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला शोधावं लागतं.

आमच्या राजापूर मतदारसंघानं १९५७ पासून आधी बॅरिस्टर नाथ पै आणि मग प्रा. मधु दंडवते यांना संसदेत पाठवलं. माझ्या वडिलांच्या पिढीला खासदार म्हणजे सभागृहात अभ्यास करून उभा राहणारा माणूस हेच ठाऊक होतं. गावात डांबर पडलं नाही म्हणून त्यांनी दंडवत्यांना कधी बोल लावल्याचं मला आठवत नाही. आता आम्ही मतदारच खासदाराकडे समाजमंदिर आणि हायमास्ट दिवे मागतो. डोहर्टीच्या मतदारसंघातही खड्डे असणार. पण तिथले लोक त्याला हप्त्याचे कागद नेऊन देतात, आणि तो ते घेऊन डब्लिनला जातो.

भरपाईबद्दल वाचत गेलं की आयर्लंडमध्ये एका ठिकाणी माणूस थांबतोच. तिथल्या संस्थांमध्ये वाढलेली मुलं.

गरीब, अनाथ, किरकोळ चोरी केलेली, शाळा चुकवलेली मुलं सरकार धर्मसंघांच्या निवासी शाळांत पाठवत असे. तिथे मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार पिढ्यान्‌पिढ्या चालले. मे १९९९ मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी देशाच्या वतीनं माफी मागितली. २००२ मध्ये भरपाई मंडळाचा कायदा झाला. धर्मसंघांनी १२ कोटी ८० लाख युरोंचा वाटा द्यायचा आणि बदल्यात सरकारनं त्यांना पुढच्या दाव्यांपासून अभय द्यायचं असा करार झाला. खर्च पुढे दीडशे कोटी युरोंच्या घरात गेला, तो जनतेनं भरला. आणि त्या कायद्यात एक तरतूद अशी होती की भरपाई घेणाऱ्यानं मंडळासमोरच्या प्रकरणाची आणि मिळालेल्या रकमेची माहिती उघड केली तर तोच गुन्हा. लहानपणी ज्याला गप्प बसवलं त्याला म्हातारपणी पैसे देऊन कायद्यानं गप्प बसवलं. मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. आजही संताप येतो.

दुसऱ्या संस्था होत्या अविवाहित मातांच्या. गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावात असं एक गृह १९२५ ते १९६१ चालू होतं. तिथे मेलेल्या बाळांना पुरलं कुठे याची नोंद नव्हती. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी स्वतःच्या खर्चानं मृत्यूचे दाखले काढले. ७९६ मुलं. दाखले सरकारच्या निबंधकाच्या दप्तरात इतकी वर्षं पडून होते. कोणीही मागवू शकला असता. मागवले एका गृहिणीनं, आणि तिच्या कामामुळे २०१५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. जानेवारी २०२१ च्या अहवालात अठरा संस्थांमधल्या सुमारे ९,००० बालमृत्यूंची नोंद आहे. पंतप्रधान मायकल मार्टिन यांनी माफी मागितली. २०२३ मध्ये भरपाईचा कायदा झाला, त्यात मुलांसाठी अट: संस्थेत सहा महिने काढलेले असले पाहिजेत. पाच महिन्यांचं असताना आईपासून तोडलेल्या मुलाला काही नाही. विरोधकांनी या अटीवर रान उठवलं. गॉलवेच्या खासदार कॅथरीन कॉनोली त्यात पुढे होत्या. त्याच आता, २०२५ पासून, देशाच्या राष्ट्रपती आहेत. ट्यूमला अवशेष बाहेर काढायचं काम २०२५ च्या जुलैमध्ये सुरू झालं.

बँकेचा हप्ता आणि ही बाळं मी एका दमात लिहिते आहे. दुःखाचं माप एक नाही हे मला कळतं. पण दोन्हीकडे यंत्रणेची रीत एकच दिसते: नोंद आमच्याकडे, सिद्ध तुम्ही करा, आणि अट आम्ही ठरवू.

आता आपल्याकडचं. बँक अडचणीत आली तर ठेवीवर विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाचे पाच लाख झाले. २०२१ च्या दुरुस्तीनं तर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची सोय झाली. त्यात ठेवीदारांची यादी पंचेचाळीस दिवसांत बँकेनंच विमा महामंडळाला द्यायची असते. ठेवीदारानं संमती आणि ओळखीचे कागद द्यायचे. बरोबर हेच तत्त्व मला हवं आहे. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले तेव्हा हे काही नव्हतं, आणि रायगडातले ठेवीदार त्यानंतर किती वर्षं मोर्चे काढत राहिले ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे.

पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. पाटी बँकेसारखी, काउंटर बँकेसारखं, पिग्मी एजंट रोज दारात येणारा, आणि कायद्यानं ती बँक नाही. आमच्या तालुक्यातल्या ज्या पतसंस्थेचं काम मी बघते तिथे अवसायक, म्हणजे बुडालेल्या संस्थेची देणी-येणी मिटवणारा अधिकारी, नेमला आहे. ठेवीदारांना सांगितलंय, मूळ पावती आणा, पासबुक आणा, ओळखपत्र आणा, मयत असल्यास वारसाचा दाखला आणा. आता वस्तुस्थिती ऐका. दामदुप्पट ठेवीचं नूतनीकरण करताना जुनी पावती संस्थेनं जमा करून घेतली आणि नवी दिलीच नाही, 'संगणकात आहे' म्हणून. मासळी विकणाऱ्या बायकांची पिग्मीची कार्डं पावसात भिजून लगदा झालेली. पावतीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दोन्ही एकच बाई हे सांगणारं राजपत्र कोणाकडे असणार? मुंबईच्या चाकरमान्यानं आईच्या नावानं ठेवलेले पैसे, आई गेलेली, वारसाच्या दाखल्यासाठी त्यानं किती रजा घालवायच्या?

आणि हे सगळं असताना संस्थेचं ठेवखतावणीचं रजिस्टर आहे. संगणकाची नोंद आहे. दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आहे, त्याला ठेवीदारांची यादी जोडलेली आहे. ते सारं सील केलेल्या कपाटात आहे आणि किल्ली सरकारनं नेमलेल्या माणसाकडे. बंदरावरच्या एक काकी माझ्यासमोर अर्ज भरताना म्हणाल्या, "माझेच पैशे, ते माझे आसत ह्या माका परत परत कित्याक सांगूचा लागता?" मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही.

म्हणून या वेळी आम्ही मोर्चाऐवजी प्रश्न तयार केलेत. आमदारांना भेटून ते लेखी दिले आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून घ्यावेत अशी विनंती केली आहे. डोहर्टीची समितीतली प्रश्नोत्तरं वाचून मी ते मुद्दाम छोटे आणि नेमके ठेवले. अवसायकाच्या ताब्यातल्या रजिस्टरप्रमाणे एकूण ठेवीदार किती आणि त्यांतल्या किती जणांनी अजून दावा केलेला नाही? ती यादी गावनिहाय प्रसिद्ध करायला कोणती कायदेशीर अडचण आहे, असल्यास कलम कोणतं? रजिस्टरात नाव असलेल्या ठेवीदाराला मूळ पावतीशिवाय दावा मान्य करण्याचा आदेश सहकार खातं काढणार का, आणि कोणत्या तारखेपर्यंत? कलम ८८ खालची चौकशी कधी सुरू झाली, मुदतवाढ किती वेळा मिळाली, दर वेळी कारण काय दिलं?

आमदारांनी प्रश्न वाचले, शेवटच्यापाशी थांबले आणि 'हा जरा अडचणीचा आहे' म्हणाले. तो काढायचा नाही असं आम्ही सगळ्यांनी तिथेच सांगितलं. काढला तर लक्षवेधीसाठी दुसऱ्या सदस्याकडे जाऊ.

तोपर्यंत एक काम. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी घरात दुसरं काय आहे ते शोधा. पिग्मी कार्डाचा तुकडा, व्याज जमा झाल्याचा बँक खात्याचा उतारा, संस्थेकडून आलेली वार्षिक सभेची नोटीस, सभासद क्रमांक असलेला लाभांशाचा कागद, एजंटाच्या वहीतल्या पानाचा फोटो, काहीही. रविवारी सकाळी दहाला देवळाच्या सभामंडपात घेऊन या. भिजलेली कार्डं सुटी करायचा प्रयत्न करू नका, वर्तमानपत्रात सपाट गुंडाळून तशीच आणा. आपण फोटो काढून घेऊ. मुंबईवाल्यांनी मूळ कागद पोस्टानं पाठवू नयेत, कोणीतरी गावी येताना हाती द्यावेत. आणि कोऱ्या अर्जावर कोणाच्या सांगण्यावरून सही करू नका, अगदी माझ्या सांगण्यावरूनही.